प्राणीबाग, सफारी आणि गीरचे जंगल : सुट्टीला निघण्यापूर्वी

नवरात्र संपत आले की आपल्या मंडळात दोन विषय हमखास निघतात. एक दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमाचा आणि दुसरा, सुट्टीत मुलांना घेऊन कुठे जायचे याचा. वडोदऱ्यात राहणाऱ्यांकडे दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर तयारच असते : सासण गीर. आशियाई सिंह मोकळा राहतो तो साऱ्या जगात फक्त सौराष्ट्रात, आणि सौराष्ट्र आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणेसुद्धा ढोकळा खाऊन झाला की "आता सिंह दाखवा" म्हणतात.

सहलीहून परत आल्यावर मात्र दोन तऱ्हेची मंडळी भेटतात. काही सांगतात, "अहो, हाताच्या अंतरावर पाच सिंह पाहिले!" काही कुरकुरतात, "एवढा खर्च केला, पहाटे चारला उठलो, आणि हरणांशिवाय काही दिसले नाही." थोडी चौकशी केली की उलगडा होतो. पहिली मंडळी देवळियाच्या कुंपण घातलेल्या उद्यानात गेलेली असतात, तर दुसरी खऱ्या जंगलात. दोन्ही जागा सासणलाच, दोन्हीकडे वनखात्याचेच तिकीट. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो निघण्यापूर्वी कोणी सांगितलेला नसतो.

प्राणी पाहायच्या जागा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात : प्राणीबाग, कुंपणातील सफारी आणि खुले जंगल. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाने उदाहरण द्यायचे तर प्राणीबाग म्हणजे बचत खाते, केव्हाही जा, काहीतरी हाती लागणारच. कुंपणातील सफारी म्हणजे मुदत ठेव, परतावा बहुतेक ठरलेला. आणि जंगल म्हणजे शेअर बाजार. तिथे हमी कोणी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून सावध राहायचे असते. या तिन्ही जागा कशा चालतात, तिथे काय मिळते आणि आपण काय पाळायचे, हे आपल्या आसपासच्या उदाहरणांनी पाहू.

कमाटीबागेपासून सुरुवात

चारशे किलोमीटर जाण्याआधी घराजवळची जागा नीट पाहावी. सयाजीबाग, म्हणजे आपली कमाटीबाग, १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी उभी राहिली. सयाजीराव महाराज तेव्हा वयाने लहान होते. त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार १८८१ साली मिळाले. तोवर कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव, जे स्वतः तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. बागेतली प्राणीबागही तेव्हापासूनची, म्हणजे देशातील जुन्या प्राणीबागांपैकी एक. आपल्यापैकी कित्येकांच्या चार पिढ्यांनी पहिला वाघ इथेच पाहिला असेल.

पण पाहण्याची आपली पद्धत जुनीच राहिली आहे. रविवारी जेवून दुपारी निघायचे, भराभर सगळ्या पिंजऱ्यांवरून नजर फिरवायची, "झोपलाय वाटतं" म्हणून पुढे जायचे आणि शेवटी भेळ. यात प्राण्याचा काही दोष नाही. सिंह दिवसाचे वीस-वीस तास विश्रांती घेतो आणि जंगलातही तेच करतो. भक्ष्य पकडण्यासाठी लागणारी ताकद तो साठवून ठेवत असतो. बहुतेक प्राणी उजाडल्यानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा एक तास हालचाल करतात. म्हणून प्राणीबाग उघडते त्या वेळेला पोचावे. सोबत लहान मुले आणि आजी-आजोबा असतील तर ऊन चढायच्या आत परतही फिरता येते.

दुसरे म्हणजे, सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा. मुलांना आदल्या दिवशी चार प्राणी निवडायला सांगावे आणि प्रत्येकापाशी पंधरा-वीस मिनिटे थांबावे. सुरुवातीची पाच मिनिटे मुले कंटाळतात. मग त्यांच्या लक्षात येऊ लागते की हरणांच्या कळपात एक जण कायम मान वर करून असतो, पाणघोड्याचे नाक, डोळे आणि कान एकाच रेषेत असल्यामुळे बाकीचे अंग पाण्यात ठेवूनही त्याला सगळे कळते, माकडांत कोण कोणाच्या उवा काढतो यालाही काही क्रम असतो. पाच प्राण्यांची नावे पाठ करण्यापेक्षा हे जास्त टिकते.

"पिंजरा रिकामा का?" हा मुलांचा ठरलेला प्रश्न. त्याचे उत्तर असे की, आताच्या प्राणीबागेत प्राण्याला दोन जागा असतात. एक समोरचे मोकळे आवार आणि मागे रात्रीचा निवारा. कधी आजारपण, कधी पिल्ले, कधी दोन नरांचे पटत नाही म्हणून आळीपाळीने बाहेर सोडणे, अशा कारणांनी आवार रिकामे दिसते. आवारात झुडपे आणि आडोसेही मुद्दाम ठेवलेले असतात. लोकांच्या नजरेआड जाता येणे ही प्राण्याची गरज आहे. जुन्या काळी गजांचे पिंजरे प्रेक्षकांच्या सोयीचे होते, आता नियम प्राण्याच्या सोयीचे आहेत.

कमाटीबागेत जाल तेव्हा मुलांना आणखी दोन गोष्टी दाखवा. एक, तिथल्याच संग्रहालयातला देवमाशाचा प्रचंड सांगाडा. दुसरी, पुलावरून दिसणारी विश्वामित्री. या नदीत मगरी मोकळ्या राहतात. लाखो वस्तीच्या शहराच्या मधोमध अशी नदी देशात क्वचितच सापडेल. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्या सोसायट्यांच्या आवारात आल्या, वनखात्याने आणि प्राणिमित्र स्वयंसेवकांनी त्यांना पकडून पुन्हा पाण्यात सोडले, हे मुलांनी पाहिले-ऐकले आहे. म्हणजे वन्यप्राण्याच्या शेजारी राहणे हा गीरच्याच लोकांचा अनुभव नाही, आपलाही आहे. मगरीला दगड मारू नये आणि काठावर अन्न टाकू नये, हे जिथे शिकलो तोच धडा पुढे सिंहालाही लागू पडतो.

एका चिवड्याच्या पुडीची गोष्ट

प्रत्येक प्राणीबागेत "प्राण्यांना खाऊ देऊ नये" अशी पाटी असते आणि तिच्याच खाली कोणीतरी शेंगदाणे टाकत असतो. आपल्याकडे गाईला घास, मुंगीला साखर, कबुतरांना दाणे घालण्याची रीत आहे. त्यामुळे भुकेल्या तोंडाला घास देणे हे पुण्याचेच वाटते. पण प्राणीबागेतला प्राणी भुकेला नसतो. त्याचा आहार पशुवैद्याने वजन, वय आणि ऋतू पाहून ठरवलेला असतो. हरीण, नीलगाय, काळवीट हे रवंथ करणारे प्राणी. पोळी, भात, पाव असे पिठाळ अन्न पोटात जास्त गेले तर त्यांच्या पोटात आम्ल वाढते आणि प्राणी दगावूही शकतो. प्लास्टिकच्या पिशवीला मिठाचा वास लागला की ती पिशवीच गिळली जाते, आणि ती पुढे सरकतही नाही व बाहेरही येत नाही.

माकडांचे नुकसान वेगळे. वेफर्स आणि चिवड्याची चटक लागली की ते ठरलेले अन्न सोडतात, कठड्याशी येऊन बसतात आणि न देणाऱ्याच्या अंगावर धावतात. मग तक्रार होते की माकडे माजली. माजवली कोणी?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मान्यतेशिवाय आज देशात प्राणीबाग चालवता येत नाही. याच कायद्यात म्हटले आहे की प्राणीबागेतील प्राण्याला डिवचणे, इजा करणे, खाऊ घालणे, आवाज करून त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे हा गुन्हा आहे. म्हणजे काचेवर टकटक करणे आणि सिंह उठावा म्हणून शिट्टी मारणे हेसुद्धा त्यात आले.

आठवड्याच्या सुट्टीचेही असेच. प्रत्येक प्राणीबाग आठवड्यातून किमान एक दिवस बंद ठेवावी असा नियम आहे. त्या दिवशी साफसफाई, दुरुस्ती आणि तपासणी होते आणि प्राण्यांना माणसांपासून उसंत मिळते. अनेक ठिकाणी मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपासही असतो, कारण जंगलात त्यांना रोज शिकार मिळत नाही. हा सुट्टीचा वार गावोगाव वेगळा असतो. हैदराबाद आणि इंदूरला सोमवार, म्हैसूरला मंगळवार, पुण्याला कात्रजला बुधवार. सहलीचे वेळापत्रक आखताना पहिली चौकशी याचीच करावी. शेकडो मैल जाऊन बंद फाटक पाहायला लागण्याइतके वाईट काही नाही, आणि लहान मुलांची समजूत काढणे तर त्याहून कठीण.

कुंपणातील सफारी

दुसरा प्रकार सफारी उद्यानाचा. यात प्राणी मोठ्या मोकळ्या जागेत असतो आणि माणूस बंद गाडीत. सासणपासून बारा-तेरा किलोमीटरवरचे देवळिया याचे उत्तम उदाहरण. सुमारे ४०० हेक्टरांचे गीरचेच रान कुंपण घालून वेगळे केले आहे. आत सिंह, बिबटे, चितळ, नीलगाय, काळवीट आहेत. वनखात्याची बस तासाभरात फेरी मारून आणते, आणि वेगळ्या दराने जिप्सीही मिळते. सिंह दिसण्याची शक्यता इथे खूपच जास्त. ज्येष्ठांना बसमध्ये चढायला फारसा त्रास नाही, धूळ आणि गचके कमी, आणि पाच वर्षांच्या मुलाला "तो बघ" म्हणून दाखवता येते. बुधवारी देवळिया बंद असते. पावसाळ्यात मुख्य जंगल बंद असते तेव्हाही ते सुरू राहते.

वडोदऱ्याहून एका दिवसात जाऊन यायचे असेल तर केवडिया, म्हणजे आताचे एकतानगर, साधारण नव्वद किलोमीटरवर आहे. तिथले ‘जंगल सफारी’ नावाचे प्राणिसंग्रहालय २०२० साली सुरू झाले. ते ३७५ एकरांत, डोंगराच्या उतारावर वेगवेगळ्या उंचीवर वसवले आहे. नाव सफारी असले तरी प्रकार प्राणीबागेचाच. देशी-परदेशी प्राणी आणि आत चालत फिरता येईल अशी मोठी पक्षीघरे आहेत. सोमवारी तिथली स्थळे बंद असतात. सरदार पटेलांचा पुतळा आणि हे उद्यान एकाच दिवसात घाईने उरकण्याऐवजी एक रात्र मुक्काम करावा, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांचे हाल होत नाहीत.

गीर : जिथे हमी नसते

आता खरे जंगल. गीर १९६५ साली अभयारण्य झाले आणि त्याचा गाभा १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे १,४०० चौरस किलोमीटर. १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल पर्यटकांसाठी बंद असते. पावसात कच्चे रस्ते वाहून जातात आणि प्राण्यांनाही त्या काळात निवांतपणा लागतो. उघडल्याबरोबर दिवाळीची सुट्टी येते आणि अख्खा गुजरात सासणला लोटतो.

सफारीच्या दिवसाला तीन पाळ्या असतात, पहाटेची, सकाळची आणि दुपारची. प्रत्येक पाळी साधारण तीन तासांची. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. नोंदलेली उघडी जिप्सी आणि वनखात्याने मान्य केलेला वाटाड्या घ्यावाच लागतो. एका परवान्यावर सहा मोठी माणसे आणि एक लहान मूल जाऊ शकते. म्हणजे आठ-दहा जणांचे कुटुंब असेल तर दोन परवाने काढायचे. कोणत्या मार्गाने जायचे हे तिथेच ठरवून दिले जाते, आपल्याला निवडता येत नाही. परवाना, जिप्सी आणि वाटाड्या असे तीन वेगवेगळे खर्च असतात. ऑनलाइन भरतो ते फक्त परवान्याचे शुल्क, बाकीचे पैसे सासणला द्यायचे, हे लक्षात घेऊन अंदाजपत्रक करावे. सुट्टीच्या दिवसांत दरही चढे असतात.

परवाना काढताना एक काळजी घ्यावी, आणि ही माझ्या जुन्या खात्यातली गोष्ट आहे. नाव, चित्रे, सिंहाचे बोधचिन्ह सगळे सरकारी वाटावे अशी खासगी संकेतस्थळे इंटरनेटवर आढळतात. काही जण जास्तीचे पैसे घेऊन तोच परवाना काढून देतात, काही नुसतेच पैसे घेतात. पैसे भरण्यापूर्वी पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट आयएन’ आहे का ते पाहावे. कोणी फोनवर "जागा धरून ठेवतो, अर्धे पैसे या खात्यात टाका" म्हणाला तर टाकू नयेत. परवान्यावर ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला असेल ते मूळ ओळखपत्र प्रत्येकाने बरोबर ठेवावे, झेरॉक्सवर भागत नाही.

आता सिंह दिसण्याबद्दल. दिवाळीत जंगल हिरवे आणि दाट असते, गवत उंच असते, पाणी सगळीकडे असते. सिंह दहा फुटांवर झुडपात बसला तरी कळत नाही. एप्रिल-मे मध्ये सागाची पाने झडतात आणि प्राणी पाणवठ्यावर येतात. तेव्हा दिसण्याची शक्यता वाढते, पण ऊन चाळीस अंशांवर असते आणि उघड्या जिप्सीत ते लहानांना आणि वृद्धांना सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी. ज्याने-त्याने आपल्या घरातली माणसे पाहून काळ ठरवावा.

सिंह नाही दिसला तरी जंगल रिकामे नसते. वाटाड्या मध्येच गाडी थांबवून इंजिन बंद करतो, ते कशासाठी हे मुलांना आधी सांगून ठेवावे. तो ऐकत असतो. वानर झाडावरून खाकरले किंवा चितळाने तीक्ष्ण साद घातली की जवळपास सिंह किंवा बिबट्या आहे असे समजायचे. धुळीत उमटलेले पंजे, झाडाच्या बुंध्यावरचे नखांचे ओरखडे, कमलेश्वर धरणाच्या काठावर उन्हात पडलेल्या मगरी, मालधाऱ्यांचे नेस आणि त्यांच्या शिंगाळ म्हशी, हे सगळे गीरच आहे. सिंह दिसलाच तर मुलांना दोन खुणा पाहायला सांगा. आफ्रिकेतल्या सिंहाच्या मानाने आपल्या सिंहाची आयाळ तोकडी असते, त्यामुळे कान सहज दिसतात. आणि पोटाखाली कातडीची लोंबती घडी असते. जाणकार तर मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून एकेक सिंह ओळखतात.

सक्करबाग : राखीव निधी

जुनागढला उतरल्यावर बहुतेक मंडळी गिरनार पाहून सरळ सासण गाठतात. वाटेत सक्करबाग मात्र चुकवू नये. जुनागढच्या नबाबांच्या काळात, १८६३ साली, ही प्राणीबाग सुरू झाली. ती महत्त्वाची का, हे समजायला आकडे पाहावे लागतील.

एके काळी हा सिंह पश्चिम आशियापासून बिहारपर्यंत होता. बंदुका आल्या आणि एकोणिसाव्या शतकाअखेर तो फक्त गीरपुरता उरला. जुनागढच्या नबाबांनी शिकारीला आळा घातला म्हणून तो वाचला. १९३६ च्या मोजणीत २८७ सिंह होते, १९६८ मध्ये १७७. मग कायदा आला, अभयारण्य आले. २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१. आज यांतले निम्म्याहून अधिक अभयारण्याच्या बाहेर, शेते, आमराया आणि किनाऱ्यालगतच्या झाडीत राहतात.

आकडा वाढतो आहे, पण हे सारे सिंह मोजक्याच पूर्वजांचे वंशज आणि एकाच प्रदेशात. सगळी ठेव एकाच शाखेत ठेवल्यासारखे हे आहे. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या एका भागात वीसहून अधिक सिंह काही आठवड्यांत मेले. त्यांत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या ‘कॅनाइन डिस्टेंपर’ या विषाणूची लागण आढळली. उरलेल्यांसाठी परदेशातून लस मागवावी लागली. म्हणूनच सिंहांना दुसरे घर असावे यावर वर्षानुवर्षे चर्चा चालू आहे. पोरबंदरजवळच्या बरडा डुंगरात २०२३ च्या जानेवारीत एक सिंह आपला आपण चालत पोचला, तेव्हा जाणकारांना झालेला आनंद याच कारणाने होता.

सक्करबाग हा या ठेवीचा राखीव निधी आहे. तिथे शुद्ध आशियाई वंशाच्या सिंहांची पैदास होते, कोणाचे आई-बाप कोण याची नोंदवही ठेवली जाते आणि तिथले सिंह देशातल्या व बाहेरच्या प्राणीबागांना दिले जातात. मागे काही प्राणीबागांत सर्कशीतल्या आफ्रिकी वंशाच्या सिंहांशी संकर झाल्याने असे संकरित सिंह संवर्धनाच्या उपयोगाचे राहिले नव्हते. त्यामुळे या नोंदवहीचे मोल कळते. प्राणीबाग म्हणजे प्राण्यांचा तुरुंग, असे मुलांपैकी कोणी म्हणाले (आणि आजकालची मुले म्हणतात) तर त्यांना रागवू नये. प्रश्न रास्त आहे. त्यांना सक्करबाग दाखवावी आणि मग बोलावे.

"रात्री सिंह दाखवतो"

शेवटी ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहिला ती सांगतो. जंगलात सिंह दिसला नाही, मुले हिरमुसली आहेत, परतीचे तिकीट उद्याचे आहे. अशा वेळी मुक्कामाच्या ठिकाणी किंवा चहाच्या टपरीवर कोणीतरी हळूच विचारतो, "साहेब, सावज बघायचा? रात्री शेतावर चला. नक्की दिसेल." सौराष्ट्रात सिंहाला सावज म्हणतात. रक्कम सांगितली जाते, आणि एवढे आलोच आहोत तर, असे आपल्याला वाटते.

"नक्की दिसेल" याचा अर्थ नीट समजून घ्यावा. सिंह नक्की दिसण्याचा एकच मार्ग आहे. त्याला आमिष दाखवायचे. कोंबडी किंवा जनावर बांधून ठेवायचे, तो आला की गाड्यांचे दिवे पाडायचे. कायद्याच्या व्याख्येत आमिष दाखवणे ही शिकारच आहे, आणि सिंह पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने शिक्षा किमान तीन वर्षे कैदेची. २०१८ च्या अशाच एका प्रकरणात २०२१ साली न्यायालयाने दोषींना तुरुंगवास सुनावला. त्यांत पाहायला गेलेले पर्यटकही होते. "आम्ही फक्त बघत होतो" हे तिथे चालले नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरे कारण अधिक मोठे आहे. पूर्वी गीरमध्ये आमिष बांधून सिंह दाखवण्याचे खेळ राजरोस होत. ते १९८७ मध्ये थांबले. त्याच सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी सातांवरून चाळिसांवर गेले, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. दुष्काळ हे कारण होतेच, पण माणसाजवळ खायला मिळते ही सिंहांना लागलेली सवयही त्या अभ्यासकांनी कारणांत धरली.

गीरचा सिंह माणसाला पाहून सहसा वाट सोडतो. मालधारी हातात काठी घेऊन त्याच्या रानात गुरे चारतो, शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो, त्यांची मुले पहाटे पायी शाळेला निघतात. हा समजूतदारपणा अनेक पिढ्यांत जमलेला आहे. आपण हजार-दोन हजार देऊन एका रात्रीत तो बिघडवतो आणि सकाळी वडोदऱ्याची गाडी पकडतो. चटावलेला सिंह मागे राहतो, आणि त्याच्यासमोर येतो तो शेतमजूर. बिबट्यालाही हेच लागू आहे. फार्महाऊसच्या मागे उष्टे टाकले की कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या.

म्हणून नातवंडांसमोरच स्पष्ट "नको" म्हणावे. पुढच्या वेळी कोणी विचारले तर काय म्हणायचे, हे त्यांना तेव्हाच कळते. असा प्रस्ताव आला तर वनखात्याच्या कार्यालयात कळवता येते.

निघताना

घरातल्या वयस्कर मंडळींना पाठीचा-मणक्याचा त्रास असेल तर जिप्सीचा आग्रह धरू नये. त्यांना देवळियाची बस आणि सक्करबाग पुष्कळ झाली. मुलांना भडक लाल-पिवळ्याऐवजी मातकट, हिरवट कपडे घालावेत. पाणी बाटलीत, खाऊ डब्यात, थेपले आणि चिक्की असली की कागद-प्लास्टिकचा प्रश्नच येत नाही. सफारीत डबा उघडायचा नाही, अत्तर लावायचे नाही, मोबाइलचा आवाज बंद. सिंह दिसल्यावर सगळ्यांनी एकदम उभे राहायचे नाही. फोटो दोन काढावेत आणि मग फोन खाली ठेवून डोळ्यांनी पाहावे.

तीन दिवस हाती असतील तर माझ्या मते क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी जुनागढ आणि सक्करबाग, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळिया आणि दुपारी विश्रांती, तिसऱ्या दिवशी पहाटेची जंगलाची पाळी. सिंह आधीच पाहून झालेला असतो, त्यामुळे जंगलात मुले "सिंह कुठे?" असा धोशा लावत नाहीत आणि आजूबाजूचे पाहू लागतात. बुधवार मध्ये येत नाही ना, तेवढे पाहा. सक्करबागही त्याच दिवशी बंद असते. चौथा दिवस काढता आला तर परतताना भावनगरजवळच्या वेळावदरला वाट वाकडी करावी. मोकळ्या गवताळ रानात काळविटांचे कळप उड्या मारत जाताना दिसतात, आणि थंडीत तिथे दूरदेशीचे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी मुक्कामाला येतात.

दर, वेळा आणि सुट्टीचे वार बदलत असतात, म्हणून आरक्षणापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी. मंडळातील कोणी कुटुंबे एकत्र जाणार असतील तर सहा-सहाचे गट आधी पाडावेत, परवान्यांचे काम त्याने सोपे होते. सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा.